आक्कानं शिवलेली खोळ

आक्का कुणाच्याही घरी गेली की आधी टीव्ही कुठे आहे ते बघायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची. खुर्ची तशी नसेल तर स्वतः उचलून फिरवायची. समोर बसलेल्या माणसाची मग भलतीच पंचाईत व्हायची. आक्का शास्त्रातलं काहीतरी सांगतेय, आणि याची नजर तिच्या कानावरून हळूच मागच्या मालिकेकडे सरकतेय. आक्का म्हणायची, "मला टीव्ही बघायची गरजच न्हाय. तुझ्या डोळ्यांत दिसतोय की सगळा." त्या घरातली सून मग मुकाट्यानं उठून बटण दाबायची.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्हीही आक्का म्हणायला लागलो, आणि हळूहळू अर्धी निपाणी म्हणायला लागली. आमच्या चर्चच्या मंडळीत ती बायबलबाई होती. आजाऱ्यापाशी बसायचं, बाळंतिणीसाठी प्रार्थना करायची, अबोला धरलेल्या सासवा-सुनांना एका ताटात जेवायला लावायचं, हे तिचं काम. बोरगावपासून सदलग्यापर्यंत जिथे म्हणून आमच्या ख्रिस्ती लोकांची चार घरं, तिथे ती बसनं जायची, आणि पिशवीत बायबलाबरोबर दोन भाकरी नि चटणी असायची. कुणाच्या घरी चूल पेटली नसेल तर त्या भाकरी तिथेच राहायच्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

तरुणपणी ती तंबाखूच्या वखारीत पोती शिवायची. आई-वडील लवकर गेले तेव्हा आप्पा शाळेतही जात नव्हते. आक्कानं लग्नाचं नाव काढलं नाही. हातात दाभण धरून धाकट्या भावाला वाढवलं. उजव्या अंगठ्याला त्या दाभणाचा घट्टा पडला होता. ती आशीर्वादाला डोक्यावर हात ठेवायची तेव्हा तो घट्टा कपाळाला टोचायचा. आप्पा पन्नाशी उलटल्यावरही तिच्यापुढे उभे राहूनच बोलायचे.

टीव्हीचं खूळ तिच्या डोक्यात भरलं ते आमच्या आधीच्या पाळकसाहेबांनी. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस जवळ आले होते. ते वेदीवरून म्हणाले, मटण सोडून काय होतंय, ख्रिस्ती माणसानं चाळीस दिवस टीव्ही सोडून दाखवावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी आक्का फिरतीला निघाली तर प्रत्येक घरात टीव्ही चालू. ती घरी आली, माळ्यावरचं जुनं गोणपाट काढलं आणि खोळ शिवायला बसली. "डोळ्याला कडी लावता येत न्हाय गं," मला म्हणाली, "मग टीव्हीलाच लावायची."

तिची पद्धत ठरलेली होती. टीव्हीवर वरून गोणपाटाची खोळ घालायची, खाली दुमडून सुतळीनं टाके घालायचे आणि शेवटी वखारीतली गाठ मारायची, जी दुसऱ्या कुणाला मारता यायची नाही. समोर तांबड्या दोऱ्यानं क्रूस काढलेला असायचा. टीव्ही विकायचा नाही, कारण मग दुसऱ्याच्या घरात मोह ढकलल्यासारखं होतं; फोडायचाही नाही, कारण वस्तू देवानं दिलेली. गोणपाट तीन-तीनदा धुतलं तरी तंबाखूचा वास जायचा नाही. अशा सतरा खोळी तिनं शिवल्या. पाळकसाहेबांकडे गेली तर ते म्हणाले, "आमचा बिघडलाय, आक्का." तिचा विश्वास बसला.

मी तेव्हा बोरगावच्या शाळेत शिकवत होते आणि मला फार कळतं अशी माझी समजूत होती. मी तिच्याशी वाद घालायची. म्हटलं, "बायबलात टीव्हीचं कुठं लिहिलंय, दाखव बघू."

"तंबाखूचंबी लिहिलेलं न्हाय," ती म्हणाली. "मी तीस वर्सं त्येची पोती शिवली. आत काय भरलंय, कुणाच्या छातीत जाणार, कधी इचारलं न्हाय. आता एवढं तरी शिवू दे."

"मग शेजारच्या पाटलांना का सांगत नाहीस? त्यांच्याकडे तर दिवसभर चालू असतो."

"त्यांनी कुठं वचन दिलंय? बाप्तिस्म्याला पाण्यात उभं राहून वचन आपण दिलंय गं. ज्यानं दिलंय त्येनं पाळायचं."

मी वह्या तपासायला घेतल्या.

दुसऱ्या वर्षीच्या लेंटला ती आमच्या दारात खोळ घेऊन आली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट, आणि कॉटच्या समोर टीव्ही. सकाळी बातम्या, दुपारी कुस्त्या, आणि मॅच असली की दिवसभर मॅच. विकेट पडली की ते उजव्या हातानं कॉटची दांडी वाजवायचे. आई गेली होती, मी शाळेत जायची, त्यामुळे दिवसाचे सात तास त्यांच्याशी बोलणारं घरात त्या टीव्हीशिवाय कुणी नव्हतं. मी उंबऱ्यातच आडवी उभी राहिले. म्हटलं, "आक्का, आप्पास्नी दुसरं काय हाय गं?"

"त्यालाच इचार," ती म्हणाली.

आप्पांनी तिच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "शिव आक्का. चाळीसच दिवस तर हायत."

मी दिवस मोजले. ईस्टरच्या सकाळी कात्री धुऊन-पुसून टेबलावर ठेवली. आक्का शेवयांची खीर घेऊन आली, भावाला स्वतः भरवली, त्याचं तोंड पुसलं आणि खोळीकडे बघून म्हणाली, "चाळीस दिवस जमलं की रं तुला. मग पुढं जमायला काय झालं?" आप्पा अर्ध्या तोंडानं हसले. ती कौतुकानं बोलत होती, हेच वाईट होतं. धमकी दिली असती तर मी भांडले असते. तिनं प्रार्थना केली, मी आमेन म्हटलं आणि कात्री परत खणात टाकली.

त्यानंतर चौदा महिने आप्पा त्या गोणपाटाकडे बघत पडून होते. पाटलांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. पाटीलअण्णांना आप्पांचं मॅचचं वेड ठाऊक होतं. मॅच असली की ते आवाज मोठा करायचे आणि भिंतीवर थाप मारून विचारायचे, "आप्पा, ऐकू येतंय काय?" आप्पा दांडी वाजवायचे. असं दीड-दोन महिने चाललं. पण एकदा आक्का नेमकी भर मॅचमध्ये आली. तिनं भिंतीपलीकडचा आवाज ऐकला, भावाचा चेहरा बघितला, आणि सरळ शेजारी जाऊन पाटीलअण्णांपुढे हात जोडले. "अण्णा, माझ्या भावाचं वचन मोडतंय. तेवढा आवाज बारीक करा." पाटीलअण्णांनी केला. त्यांनी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, पण तिचा शब्द गावात कुणी खाली पडू द्यायचं नाही.

त्या वर्षी आक्कानं कुणाचीच खोळ ईस्टरनंतर उसवली नव्हती, पण तोवर मला एक गोष्ट कळली होती. मंडळीतल्या जाधवांच्या घरी कसल्याशा कामाला गेले तर खोळ टोपीसारखी बाजूला काढून ठेवलेली आणि मालिका चालू. जाधवीणबाई ओशाळून हसली. त्यांनी भिंतीकडच्या बाजूनं, मागून टाके कापले होते. समोरचा क्रूस तसाच, गाठ तशीच. आक्का गल्लीच्या तोंडाशी दिसली की खोळ पुन्हा वर. आक्कानं मागे वाकून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं, पण दिलेला शब्द मागच्या बाजूनं तपासायचा असतो हे तिच्या गावीही नव्हतं.

मी तडक घरी आले आणि कात्री काढली. आप्पांना म्हटलं, "सगळ्यांनी मागून कापलंय. मीबी कापते. आक्काला कळणारसुदिक न्हाय."

आप्पा बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "नको. आक्कानं शिवलंय. आक्काच उसवंल."

ती आली की ते तिच्या हातांकडे बघायचे. तिला वाटायचं, भावाला खीर हवीय.

एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा आप्पा गेलेले होते. तोंड खोळीकडे होतं.

टीव्ही मी हलवला नाही. खरं कारण सांगते, आक्काच्या डोळ्यांसमोर तो राहावा म्हणून हलवला नाही. ती आली की मी मुद्दाम त्याच्यासमोर खुर्ची टाकायची. पण तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, उलट बरं वाटायचं. शिवलेल्या टीव्हीकडे ती खुशाल तोंड करून बसायची आणि म्हणायची, "आमच्या आप्पानं शेवटपर्यंत पाळलं बघ." पुढे पुढे ती घरोघरी आप्पांचा दाखला द्यायला लागली. ज्यांनी मागून टाके कापले होते ती माणसं ते ऐकून हळहळायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, भर उपासनेत उठून एकेकाचं नाव घ्यावं. पण मीही गप्पच राहिले.

मग जुन्या पाळकसाहेबांची बदली झाली. लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाईलवर यायला लागली, आणि देऊळ, म्हणजे आमचं चर्च, उघडलं तेव्हा नव्या पाळकसाहेबांनी वेदीच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे टीव्ही बसवले होते. एकावर गीतांचे शब्द, दुसऱ्यावर बोलणाऱ्या पाळकसाहेबांचाच चेहरा. आक्का मंडळीच्या वर्षाच्या सभेत उठून उभी राहिली. म्हणाली, "पाळकसाहेब, मी सतरा घरातले टीव्ही शिवलेत. त्या लोकांस्नी मी आता काय सांगू?"

पाळकसाहेब तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते. म्हणाले, "आक्का, टीव्हीत पाप नसतं हो. आपण काय बघतो त्यात असतं."

मागून जाधव हसत म्हणाले, "आणि शिवलेला ऱ्हायलाय कुणाचा, आक्का? सगळ्यांनी कवाच उसवलंय." सभा हसली. हसणं कुचकं नव्हतं. आपल्या म्हातारीची थट्टा करावी तसं सगळे मोकळेपणानं हसले. मी त्यांच्यात बसले होते आणि मला वाटलं, कुणीतरी आप्पांच्या कॉटवर बसून हसतंय.

सभेतून आक्का थेट माझ्याकडे आली. चप्पल न काढता आत आली, असं ती कधी करायची नाही. खोळीच्या मागे हात घालून तिनं टाके चाचपले. सगळे जागच्या जागी होते. खाली बसत म्हणाली, "आप्पा कधी काय म्हणाला काय गं? ह्या टीव्हीवरनं?"

मी नाही म्हणू शकत होते. म्हातारीला तेवढ्यावर झोप लागली असती. पण इतकी वर्षं ते मी एकटीच बाळगून होते. मी म्हटलं, "म्हणाले होते. आक्कानं शिवलंय, आक्काच उसवंल. तू आलीस की तुझ्या हाताकडं बघायचे ते."

आक्का पिशवीतून दाभण काढून उसवायला लागली. मी कात्री पुढे केली, ती तिनं घेतली नाही. एकेक टाका उचकटून तिनं सुतळी ओढून काढली, आणि मी उभी राहून बघत राहिले, मदत केली नाही. खोळ निघाली तसा तंबाखूचा वास खोलीभर झाला. मी प्लग लावला. केबल कधीच बंद झालेली, पडद्यावर नुसते पांढरे ठिपके आणि खरखर. आयुष्यभर पाठ केलेल्या त्या डब्यापुढे आक्का हात जोडून बसली.

"ह्यात काय बघायचा त्यो?" तिनं विचारलं.

"मॅच."

"लई आवडायची त्याला?"

"व्हय."

ती उठली. खोळ घडी करून काखेत मारली आणि गेली. त्यानंतर ती कुणाच्या घरी प्रार्थनेला गेली नाही. रविवारी देवळात यायची, पण बाहेरच्या पायरीवर आतल्या टीव्हींकडे पाठ करून बसायची. त्याच थंडीत ती गेली. मी सांगायला नको होतं, असं मला अजूनही वाटत नाही. तसं वाटलं असतं तर देवापाशी क्षमा मागून मोकळी झाले असते. आता तिची आठवण आली की आधी भाकरी आठवते आणि मग लगेच कात्री, आणि त्या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

तिच्या मातीला देऊळ गच्च भरलं होतं. सतराही घरांतली माणसं आली होती आणि खरी रडत होती. आमच्यात शवपेटी ठेवताना पाय वेदीकडे करतात. त्यामुळे झाकण उघडलं तेव्हा आक्काचं तोंड थेट त्या दोन टीव्हींकडे आलं, आणि दोन्हींवर तिचाच फोटो लावलेला होता. वेदीशेजारी उभा केलेला कॅमेरा बाहेरगावच्या नातेवाइकांना सगळं दाखवत होता. मी देवळाच्या पंचांकडे गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "पेटी फिरवा. तिला तिकडं तोंड चालत न्हाय."

पंच म्हणाले, "लाइव्ह चालू आहे. आता हलवलं तर बरं दिसत नाही."

मग मी पेटीच्या पायाशी जमिनीवर बसले, टीव्हीकडे पाठ आणि आक्काकडे तोंड करून. उपासना संपेपर्यंत उठले नाही.

संध्याकाळी पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, "सगळं छान दिसलं, पण मध्येच कुणाची तरी पाठ येत होती. आक्का नीट बघायलाच मिळाली नाही."

"माझी होती," मी म्हटलं आणि फोन ठेवला.