अप्पांनी पाठवलेले एकसष्ट कागद

हैदराबादला निघालो त्या दिवशी मन्नाएखेळ्ळीच्या सडकेवर आम्ही सव्वादोन तास बसची वाट पाहिली. एका ट्रंकेभोवती माझे वडील अप्पा, बायको गंगव्वा, दोन मुलं, धाकटा भाऊ शरणप्पा आणि मी. माझं वय अडतीस. या वयात माणूस मुलाला शाळेत पोचवायला जातो, आणि मी स्वतःच शिकायला निघालो होतो.

हुमनाबादच्या तहसीलीत मी तेरा वर्षं अहलकार, म्हणजे कारकून होतो. सगळं काम उर्दूत चालायचं. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा इंग्रजी झाली. माझी बदली शहरातल्या मोठ्या कचेरीत झाली आणि मागोमाग हुकूम आला की वर्षाच्या आत खात्याची इंग्रजी परीक्षा पास व्हा, नाही तर नोकरी सोडा. पास होईपर्यंत बिऱ्हाड न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. नोकरी गेली तर तिघांना घेऊन परत येण्यापेक्षा एकट्याने आलेलं बरं.

"तितं भाकर करून कोण घालायचं तुमाला?" गंगव्वा पदराने डोळे पुसत म्हणाली.

"खानावळी असत्यात की," अप्पा म्हणाले. "तू कामून रडायलीस? त्यो शिकायला जायलाय, जेलात न्हाई."

बस आली तेव्हा गंगव्वाने भाकरी आणि शेंगाच्या चटणीचं पुडकं माझ्या हातात दिलं. झहीराबादच्या पुढे मी ते सोडलं. चटणीची पुडी बांधलेला कागद इंग्रजी होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचं रोजचं वर्तमानपत्र होतं ते. आकार आपल्या पत्राच्या निम्मा, आणि अर्ध्या पानावर टोपी तिरकी घातलेल्या एका माणसाचा फोटो. तिकडे न खपलेली पत्रं गठ्ठ्यांनी मुंबईच्या बंदरात रद्दी म्हणून उतरतात आणि तिथून आपल्या बाजारातल्या किराणा दुकानांपर्यंत येतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की इंग्रजी शिकायला निघालो आणि वाटेत इंग्रजीच हाती आली.

हैदराबादेत सुलतानशाही मोहल्ल्याच्या एका गल्लीत खोली घेतली. पहिल्या पत्रात मी घरी लिहिलं की चटणी संपली, पण कागद ठेवलाय आणि त्यावर अभ्यास करतोय. शरणप्पाने ते अप्पांना वाचून दाखवलं. त्या दिवसापासून अप्पा दर बाजारी हुमनाबादच्या किराणावाल्याच्या दुकानासमोर बसू लागले. हे मला शरणप्पाने सांगितलं.

"अप्पा, मी गिऱ्हाइकाच्या पुड्या बांधू का तुमच्या पोराची शाळा चालवू?" दुकानदार चिडायचा.

"पुड्या बांध की. दुसऱ्या कागदात बांध."

अप्पांना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. पण त्यांचा एक नेम होता. देव सोडून त्यांचा विश्वास फक्त शिक्का मारलेल्या आणि छापलेल्या कागदावर होता. "हातानं लिवलेलं खोटं असंल. छापलेलं खोटं नसतंय," असं ते म्हणायचे. निजामाच्या काळातला जमिनीचा कागद, लग्नाची पत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं ते सारख्याच आदराने घडी करून ठेवत. तेलकट चुरगळलेले कागद ते राखेवर पसरून तेल काढत आणि मग पितळी तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवत. धोतराला करावी तशी इस्त्री. हैदराबादला कोणी येणारं असलं की त्याच्या हाती गठ्ठी देत.

असे एकूण एकसष्ट कागद आले. अमेरिकेचे त्यातले एकोणीस. बाकी मुंबईचे, मद्रासचे, सात कानडी, तीन तेलुगू, आणि एक सुपारीवाल्याची जाहिरात. मी अभ्यासाला अमेरिकेचेच घेतले, कारण त्यातली वाक्यं तोकडी होती आणि फोटोंवरून अर्थ लागायचा.

अडचण अशी की त्यातले निम्मे शब्द डिक्शनरीत सापडत नव्हते. मग मी वही घातली. शब्द, किती वेळा आला, कुठल्या पानावर, आणि अर्थ. तीन ठिकाणी सापडल्याशिवाय अर्थाचा रकाना भरायचा नाही असा नियम केला. 'कॉप' सतरा वेळा आला, त्यात अकरा वेळा शेजारी वर्दीतला माणूस होता, म्हणून पोलीस. 'हूसगाव' पाच वेळा, कॉपच्या नंतरच्या ओळीत, म्हणून तुरुंग. 'डो'ने मला महिनाभर छळलं. डिक्शनरी म्हणत होती, मळलेलं पीठ. पण लोक ते बँकेत ठेवत आणि चोर पळवत. शेवटी नवव्या वेळी कळलं की ते पैसे. मी गंमत म्हणून घरी कळवलं. अप्पांनी उलट निरोप दिला, "बरोबर हाय की. पैसा म्हंजे पीठ, पीठ म्हंजे भाकर. तितले लोक शाने हायत."

वर्ष संपता संपता वहीत तीनशे बारा शब्द झाले. एवढे शब्द आमच्या कचेरीत कोणाकडे नव्हते. मी निर्धास्तपणे परीक्षेला बसलो.

एका उर्दू अहवालाचा इंग्रजी तर्जुमा करायचा होता. गावचा पटवारी दप्तर घेऊन फरार झाला आहे, तरी तपास व्हावा. फरार हा शब्द माझ्याकडे सहा वेळा तपासलेला होता. मी लिहिलं, पटवारी 'टुक अ पावडर'. कॉप त्याला शोधत आहेत. सापडला की हूसगावात जाईल. जनाब, कृपया घाई व्हावी.

आठ दिवसांनी तपासनीस साहेबांनी बोलावलं. मद्रासकडचे होते, कपाळावर भस्म, उर्दू मोडकीतोडकी.

"या पटवाऱ्याने कसली पावडर घेतली? पोट दुखत होतं?"

"पळाला साहेब."

"कुठे शिकलात हे?"

"अखबारात."

त्यांनी वही मागितली. दुसऱ्या दिवशी मी वही आणि एकोणीस कागद घेऊन गेलो. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. कागद नाकाशी नेऊन म्हणाले, "शेंगदाणे?" मी मान डोलावली. मग म्हणाले, "ही तिकडच्या गल्लीतली बोली आहे. तिथला कलेक्टरसुद्धा कचेरीत असं लिहीत नाही."

"छापलेलं आहे साहेब."

"छापलेलं सगळं सरकारी नसतं."

जन्मभर ऐकलेलं एक वाक्य त्या खोलीत असं मोडलं. माझा चेहरा पडलेला पाहून असेल, त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "शब्द नापास आहेत. पण ज्याने हे रकाने ओढले तो कारकून मला सोडायचा नाही. मुदत मी वाढवून मागतो. तीन महिन्यांनी पुन्हा बसा. तोवर फक्त जुन्या फायली वाचा."

मी फायली वाचल्या. 'आय हॅव द ऑनर टू सबमिट' दोनशे वेळा लिहून काढलं. कागद येत राहिले, ते मी ट्रंकेत टाकत गेलो. थांबवा असं अप्पांना लिहिलं नाही. दुसऱ्या वेळी पास झालो आणि बिऱ्हाड न्यायला गावी आलो.

त्या दुपारी अप्पा ओसरीवर बसले होते. जवळ तांब्या, पुढ्यात पसरलेला एक कागद. तो तेलुगू होता. त्यांनी वर न बघता विचारलं, "माजे कागद कामाला आले का रं?"

मी तेरा वर्षं तहसीलीत काढली, एकही खोटी नोंद केली नाही. ते म्हणाले असते तर वही उघडून दाखवली असती. एकसष्टातले बेचाळीस निरुपयोगी, उरलेल्या एकोणिसांनी नापास केलं. पण मी म्हणालो, "व्हय अप्पा. आले."

"मी म्हनलं न्हवतं का?" ते गंगव्वाला म्हणाले, आणि इस्त्री पुरी केली.

शरणप्पा, हे तुला आणि गावातल्या सगळ्यांना आज कळवतो, कारण अप्पा जाऊन दोन वर्षं झाली आणि हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. ते शेवटपर्यंत पारावर सांगत राहिले की माझ्या कागदांवर पोरगा साहेब झाला. लोकांनी ते खरं धरलं. मी मोजून पाहिलं. शब्दांनी मला बुडवलं, पण तपासनिसांनी मला सोडलं नाही ते वहीमुळे, आणि वही कागदांमुळे. तेव्हा 'व्हय' म्हणालो त्यात खोटं किती, ते मला अजून नक्की लिहिता येत नाही. तो रकाना मोकळा ठेवलाय.

इथे आता आमचं ठीक आहे. गंगव्वा नळाच्या रांगेत शेजारणींशी उर्दूत भांडते आणि जिंकते. पोरगी मला 'ओके अप्पा' म्हणते. 'ओके' हा माझ्या वहीतला पहिला शब्द होता, तिने तो शाळेत उचलला. अमेरिकी पत्र मी पुन्हा कधी वाचायला घेतलं नाही. येत्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडतंय. गाव म्हैसूरकडे जाईल, हे शहर आंध्राकडे. कचेरीने फॉर्म दिलाय, कुठल्या राज्यात नोकरी हवी ते लिहा. त्यावर 'मूळ गाव' असाही एक रकाना आहे. तो मी लगेच भरला. राज्याच्या रकान्याचा अजून विचार करतोय.

परवा तू पाठवलेली चटणी मिळाली. पुडी कानडी पत्रात होती. चटणी बरणीत काढली, कागद राखेवर पसरला. गंगव्वा म्हणाली, "आता कशाची परीक्षा हाय?" मी चुलीतले निखारे तांब्यात घातले आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली.