महादूने शिवलेला झेंडा

महादू पावसे पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आला तो भांडायलाच. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं वर्कशॉप. तंबू, गाड्यांवर आणि साइटवर ताणायच्या कापडी सावल्या, ताडपत्र्या, जे जे म्हणून जाड कापडाचं असेल ते शिवायचं. मी तिथली अकाउंटंट. मंदीत काटकसर म्हणून मी जरा बारीक दोरा मागवला होता. त्याचं रीळ माझ्या टेबलावर आपटून महादू म्हणाला, "ताई, ह्या दोऱ्यानं गोधड्या शिवा. वाऱ्याशी झुंजायचं आसंल तर माजा दोरा आना."

मी डोंबिवलीची. ऐकून घेईन तर नाव नाही लावणार. चांगलं खडाजंगी भांडण झालं. पण दुसऱ्या दिवशी मी रीळ बदलून आणलं आणि त्या दिवसापासून हा गृहस्थ रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या दारात डबा घेऊन बसायला लागला.

महादू कोकणातल्या हर्णैचा. त्याचा बाप मचव्यांची शिडं शिवायचा, आजाही. मग होड्यांना इंजिनं आली आणि शिडं गेली. शिडाची दुहेरी शिवण मात्र महादूच्या हातात राहिली. ती घेऊन तो आखातात आला. वाळवंटातल्या वाऱ्याला त्याच्या शिवणीपुढे हात टेकावे लागायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दोन हजार आठच्या शेवटी दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. साइट बंद, तर सावल्या कोण मागवणार? आमची निम्मी माणसं घरी गेली. उरलेले रोज फोरमन मोहिद्दीनच्या तोंडाकडे बघायचे, आज कुणाचा नंबर म्हणून. महादूला सगळ्यांत जास्त धास्ती. "हर्णैला जाऊन काय शिवू, ताई? तिथं आता शीड फकस्त फोटोत हाय."

असं रखडत दोन हजार अकरा उजाडलं, आणि नोव्हेंबरात आमचे अरबाब, म्हणजे वर्कशॉपचे म्हातारे मालक, काठी आपटत आत आले. त्यांच्या देशाला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. दोन डिसेंबरला समुद्राकाठच्या मैदानात उंच खांब, त्यावर टेनिस कोर्टाएवढा झेंडा, आणि तो शिवायचा आम्ही!

"चायनाका नही चाहिए," अरबाब म्हणाले. "सब लोग चायनाका लाता है. ये इधर बनेगा, इधर! झेंडा ठीक गया, तो वर्कशॉप चलेगा इन्शाल्ला. नही गया, तो खलास. सब घर जाओ."

अहो, काय सांगू! मेल्या वर्कशॉपमध्ये जीव आला. मशिनं धडधडायला लागली. देशभर तीच लाट होती. गाड्यांना झेंड्याचे चार रंग, बुरख्याच्या कडांना चार रंग, केकवरसुद्धा चार रंग. मंदीत खचलेला देश छाती काढून उभा राहत होता, आणि त्याची छाती शिवायचं काम आमच्याकडे आलं होतं.

त्याच आठवड्यात माझी लेक आभा अमेरिकन शाळेतून प्रोजेक्ट घेऊन आली: नवी नवी अमेरिका आणि तिचा देशाभिमान. मी रात्री तिच्याबरोबर वाचायचे आणि दुपारी महादूला सांगायचे. त्यांच्या पहिल्या अध्यक्षानं शपथ घेताना मुद्दाम देशी कापडाचा कोट घातला. पुढे इंग्रजांशी पुन्हा लढाई लागली तेव्हा एका किल्ल्यासाठी अवाढव्य झेंडा शिवायचा होता. बाल्टिमोर गावच्या एका विधवेनं तो शिवला. घरात मावेना, म्हणून शेजारच्या दारूभट्टीच्या जमिनीवर पसरला.

महादूचा घास हातातच राहिला. "एकलीनं शिवला?"

"लेक होती, भाच्या होत्या. आणि करारानं बांधून घेतलेली एक काळी पोर."

"म्हंजे आमच्यासारकी व्हिसावाली! नाव काय तिचं?"

मला ठाऊक नव्हतं. आभाला फोन लावला. ती म्हणाली, "Grace, Aai. Grace Wisher. It's in my slides." महादूनं मान डोलावली. "ग्रेस. ब्येस." मग दिवसभर मशिनवर तो तिच्याशी बोलायचा. "चल गो ग्रेस, आजून येक पट्टा."

झेंडा आमच्याही शेडमध्ये मावेना. मग रस्त्यापलीकडच्या बंद पडलेल्या फर्निचर गोडाऊनची जमीन धुऊन तिथे पसरला. दांड्याकडे उभा लाल पट्टा आणि त्याला जोडून तीन आडवे: हिरवा, पांढरा, काळा. सगळ्यांत शेवटी महादूनं आपली खानदानी कारागिरी केली. दांड्याकडच्या कडेत जाड दोर घातला, एका टोकाला लोखंडी कडी बसवली, आणि त्या कोपऱ्याला सगळा भार पेलणारी शिडाची दुहेरी शिवण हातानं घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दोन डिसेंबर. समारंभ असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर. दुपारी आम्ही मैदानात झेंडा खांबाच्या दोरीला अडकवत होतो. मोहिद्दीननं कडी वर ओढली, कापड हातभर उचललं गेलं, आणि तो किंचाळला.

"अरे भाई! काला ऊपर? ग्रीन नीचे?"

 जमिनीवर पसरलेल्या कापडाला वर-खाली नसतं. वर कुठलं ते कडी ठरवते. महादूनं कडी काळ्याच्या बाजूला बसवली होती. शाळेत असल्यापासून पंधरा ऑगस्टला जो झेंडा पाहिला त्यात हिरवा खाली. महादूच्या हातानं मेंदूला न विचारताच हिरवा खाली धाडला. आणि आम्ही सगळे हिंदुस्तानी, टाळ्या वाजवत होतो!

"उलटा बांध, बस," मोहिद्दीन म्हणाला. "कडी नीचे जाने दे. किसको पता चलेगा?"

महादूनं हिरव्याचा कोपरा चिमटीत धरला. "वाऱ्याला पता चलेगा. वरचा कोपरा साधा हाय. भर समारंभात टराटरा फाटंल."

"फिर खलास!"

"खलास कशापायी? उसवा!"

आणि मग जे झालं! तीन माणसं कडीची शिवण उसवायला बसली. दोर सर्रकन बाहेर ओढला, टोकं बदलून पुन्हा कडेत घातला. महादूनं तळव्याला चामड्याचा पट्टा बांधला आणि हिरव्याच्या कोपऱ्यात सुई खुपसली. सुई जाडजूड, कापडाचे चार पदर. मी, अकाउंटंट बाई, गुडघ्यावर बसून कापड ताणून धरलं होतं. पलीकडे खुर्च्या मांडत होते, बँड सूर लावत होता. मशिदीत बांग झाली. "यल्ला, यल्ला!" चला चला करत मोहिद्दीन नाचत होता. महादूच्या बोटातून रक्त आलं, ते त्यानं लाल पट्ट्याला पुसलं आणि म्हणाला, "हितं चालतंय."

अरबाब आले तेव्हा तो शेवटची गाठ मारत होता. म्हातारा वाकला. त्यानं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि थांबला. "ये सिलाई," तो हळूच म्हणाला, "मेरा बाबाका नाव में ऐसा था." त्याचा बाप मोती काढायला शिडाच्या होडीतून जायचा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

झेंडा चढला. समुद्रावरून वारा आला आणि एवढं मोठं कापड धाडकन उघडलं. हिरवा वर! लोक ओरडले, मीही ओरडले, देश माझा नसूनही ओरडले. महादू झेंड्याकडे बघतच नव्हता, फक्त कोपऱ्याकडे. कोपरा टिकला.

वर्कशॉपही टिकलं. दर वर्षी झेंडे आले, महादूनं शिवले. पुढे वय झालं तशी तो व्हिसा रद्द करून हर्णैला गेला. जाताना मी त्याला जाड दोऱ्याचं रीळ दिलं.

गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला. गावच्या शाळेनं सव्वीस जानेवारीचा झेंडा बांधायचा मान त्याला दिला होता. आखातात मोठमोठे झेंडे शिवायचा ना! आदल्या दिवशी तालमीला त्यानं ऐटीत झेंडा दोरीला बांधला, आणि त्याची बायको कावेरी मागून ओरडली. हिरवा वर, केशरी खाली.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग हसता हसता तो रडायला लागला. "आपलाच झेंडा इसारलो, ताई."

"महादूभाऊ," मी म्हटलं, "मग बांधला कुणी?"

"मीच," तो नाक ओढत म्हणाला. "सोडला, फिरवला, परत बांधला. सवय हाय."