प्लूटोपायी लांबलेला मुक्काम

अधिक महिन्यात सासुरवाडीला गेलेला जावई धोंड्याचं जेवण जेवतो, आहेर घेतो आणि आपल्या घरी परत येतो. मी जेवलो, आहेर घेतला, पण परत आलो नाही. कारण प्लूटो.

प्लूटो सूर्यापासून सरासरी पाचशे नव्वद कोटी किलोमीटरवर आहे आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही दोन हजार पटींनी मंद आहे. दुर्बिणीला कॅमेरा लावून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे साठ फोटो काढले आणि एकावर एक बसवले, की तो ठिपका म्हणून उमटतो. बाकीचे शेकडो ठिपके तारे असतात. ते जागचे हलत नाहीत. चार दिवसांनी तोच भाग पुन्हा टिपायचा. जो ठिपका सरकला, तो प्लूटो. इतका सरळ हिशेब! पण माझा मेहुणा बालाजी याला तो पटत नव्हता.

"दाजी, ह्यो कसला फोटू? म्हशीच्या पाठीवर मीठ सांडल्यावानी दिसून राहिलाय," असं त्यानं मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेल्या नेटवरच्या एका नमुना फोटोखाली लिहिलं. वर आणखी, "आन त्या प्लूटोला ग्रहांतून काढून टाकलंय म्हनं. काढून टाकलेल्याच्या मागं कशाला लागता?"

हे मला लागलं. (मी स्वतः बढतीच्या यादीतून दोनदा काढून टाकलेला माणूस आहे.) मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "धोंड्याला आलो की तुमच्याच गच्चीवरून प्लूटो सरकलेला दाखवतो. नाही दाखवला, तर माझी दुर्बीण तुझी. तिचा पाइप विहिरीला लाव!"

"हाव! समद्यांनी वाचलं बरं का!" बालाजी म्हणाला.

लातुरात आमच्या कॉलनीच्या हायमास्ट दिव्याखाली रात्री पेपर वाचता येतो, त्यामुळे तिथं प्लूटोची आशाच नाही. सासुरवाडी रेणापूरच्या पलीकडे. अंधार उत्तम! पहिल्या पहाटे मी गच्चीवर साठही फोटो टिपले. आकाशानं हात दिल्यासारखं झालं. आता दुसरा संच मिळाला की बालाजीचं तोंड बंद.

दुसऱ्या पहाटे नुसती तालीम म्हणून वर गेलो. कॅमेरा चालू केला आणि जिन्यावर बांगड्या वाजल्या. सासूबाई, म्हणजे मामी, अधिकातलं पहाटेचं स्नान उरकून आल्या होत्या. मागे शेजारच्या चार बायका. प्रत्येकीच्या हातात ताट.

"मामी, उजेड नको!"

"आसं कसं? अधिकात जावई म्हंजे नारायन. नारायन अंधारात बसून राहिलाय, आन आमी झोपावं व्हय?"

बघता बघता दुर्बिणीभोवती तेहतीस दिवे लागले. मला ओवाळलं. दुर्बिणीलाही ओवाळलं. एका मावशींनी तिच्या भिंगाला कुंकू लावायला बोट पुढे केलं, तेव्हा मी मधे हात घातला. कुंकू हातावर निभावलं.

मी एका दिव्याला फुंकर मारायला वाकलो.

"फुकू नगा! अपशकून व्हतो!" पाच बायका एकदम.

विझवायचा नाही ना? मग झाकला तर चालेल! मी हिशेबी माणूस. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं कोपऱ्यात होतं, ते उचलून मी चार दिव्यांवर पालथं घातलं.

डालं वाळलेलं होतं. त्यानंतर गच्चीवर जो उजेड पडला, त्यापुढे आमचा हायमास्ट म्हणजे समई! बाया ओरडल्या, खालून बालाजी बादली घेऊन धावत आला, आणि त्यानं पाणी मारलं ते निम्मं डाल्यावर, निम्मं नारायणावर. दुर्बीण मी पोटाशी धरली होती म्हणून वाचली. शेजारी वाळत घातलेल्या कुरडया मात्र पुन्हा चिकात गेल्या.

दुपारी धोंडे जेवलो. ओवाळणी झाली, शिदोरी मिळाली, सगळे फाटकापर्यंत पोचवायला आले. बायको गाडीत बसली. मी बसलो नाही.

"आहो, चला की!"

"तू हो पुढं. दुसरा संच व्हायचाय."

"धोंडा खाऊन राहिलेला जावई कुणी ऐकलाय का? लोकं काय म्हणतील?"

"प्लूटो म्हणतील!" मी म्हणालो आणि शिदोरी घेऊन जिना चढलो.

तिसऱ्या पहाटे ढग. चौथ्या पहाटे शेताला थ्री फेज आली आणि शेजाऱ्यानं मोटारीवरचा हॅलोजन थेट प्लूटोच्या मकर राशीवर रोखला. इकडे ताटातलं पुरण जाऊन वरण आलं, वरण जाऊन भाकरी-ठेचा आला. 'नारायना'चा 'जावई' झाला आणि चौथ्या संध्याकाळी मामी बालाजीला सांगताना ऐकू आल्या, "त्या गच्चीवरल्यांना इचार, आमच्या कुरडया कवा वाळत घालायच्या?" बालाजीनं तर जाताजाता माझ्या हातात कडब्याची पेंढी दिली. "रिकामंच हायसा, तर देवणीला टाका." मी टाकली. गाईनंसुद्धा माझ्याकडे अजून इथंच आहात का, अशा नजरेनं बघितलं.

पण हटलो नाही! पाचव्या पहाटे आकाश लख्ख मिळालं. साठ फोटो. दिवस उजाडेपर्यंत लॅपटॉपवर ते बसवले, पहिल्या संचाशी आलटून पालटून लावले, नकाशाशी दोनदा ताडून पाहिले, आणि सगळं घर ओसरीवर गोळा केलं.

"बघा. हे सगळे ठिपके जागेवर. आणि हा एक?"

मामींनी चष्मा चढवला. "आगं बया! सरकला की!"

सासरे कधी बोलत नाहीत, तेही म्हणाले, "हाय खरं."

बालाजीनं दोन्ही फोटो स्वतः आलटून पालटून पाहिले. मग हात जोडले.

"हारलो, दाजी. दुर्बीन तुमचीच. लई लांबचा असून चार दिसांत एवढा तरी हालला बिचारा." तो उठला आणि आपल्या गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. "तुमी न्हाई हाललात."

मी त्याच दुपारी लातूरला पोचलो. प्लूटो मी दाखवला, पैज मी जिंकली, आणि दुर्बीण आमच्या दिवाणखान्यात ताठ उभी आहे. प्लूटोला सूर्याभोवती एक फेरी मारायला दोनशे अठ्ठेचाळीस वर्षं लागतात. सासुरवाडीचं बोलावणं त्याच्या आत येईल, असा माझा अंदाज आहे.