एकोणीस राजधान्या आणि बोदिलचे बूट

सत्तराव्या वाढदिवसाला फोल्मर थुगेसेन लांब टेबलाच्या टोकाशी मान खाली घालून बसला होता. मित्रांनी त्याच्यावर गाणं रचलं होतं आणि हातात कागद धरून सगळा हॉल ते म्हणत होता. ज्याच्यावर गाणं असतं त्यानं गप्प बसून ऐकायचं, असा रिवाज. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसमध्ये यातून कुणाची सुटका नाही.

फोल्मरनं चव्वेचाळीस वर्षं रस्त्यांना दगड बसवले. एका पायाच्या स्टुलावर बसून, डाव्या हातात दगड, उजव्या हातात हातोडी. दगड हातात आला की एकदाच फिरवायचा, बाजू ओळखायची, बसवायचा. दोनदा फिरवणारा दुपारपर्यंत दमतो, असं तो नव्या गड्यांना सांगे. एखादा दगड दोन मिलिमीटर वर राहिला तर त्याला रस्त्यापलीकडून दिसायचा.

दर मे महिन्यात तो आणि त्याची बायको बोदिल युरोपातली एक राजधानी बघायला जात. एकोणीस झाल्या होत्या. लोक राजवाडे बघत. फोल्मर राजवाड्यापुढची जमीन बघे. लिस्बन त्याला सगळ्यांत आवडलं. तिथले कारागीर पांढरा चुनखडक तळहातावर धरून फोडतात आणि त्याच्या लाटा मांडतात. पावसात माणूस घसरून पडतो ही गोष्ट वेगळी. प्राग आवडलं, कारण बारीक दुरंगी दगडांची नक्षी गल्लीच्या वळणावरही तुटत नाही. रोमचा काळा दगड चांगला, सांधे ढिले. ब्रसेल्सचं नाव काढलं की तो पँटकडे बघे. तिथे सुटलेल्या फरशीवर पाय पडला आणि खालचं पाणी गुडघ्यापर्यंत उडालं होतं.

गाण्यात प्रत्येक राजधानीला एक कडवं होतं. विसाव्या कडव्यात शहराच्या जागी नुसती टिंबं होती. टोळीतल्या जुन्या गड्यांनी मिळून त्याला दोघांच्या प्रवासाची भेट दिली होती. गाव त्यानं कॉफीच्या वेळी जाहीर करायचं, मग ते कडवं म्हणायचं.

"व्हॅलेटाच म्हणणार हा," प्रेबेन म्हणाला. प्रेबेन त्याचा तीस वर्षांचा जोडीदार. फोल्मर दगड बसवायचा, प्रेबेन मागून धुम्मस मारून तो पक्का ठोकायचा. "यमक जुळवून ठेवलंय मी. दुसरं गाव काढलंस तर बघ, म्हाताऱ्या!"

फोल्मरच्या मनात माल्टाचं व्हॅलेटाच होतं.

प्रेबेननं सजावट म्हणून फोल्मरचे प्रवासातले फोटो भिंतीलगत दोरीवर चिमट्यांनी लटकवले होते, ओळीनं, वर्षवार. सगळ्या फोटोंत जमीन. आणि मापाला प्रत्येकात बोदिलचा एक पाय, अडतीस नंबरचा.

"बोदिल, एकोणीस देश फिरलीस आणि पोलिसांना ओळख पटवायची तर फक्त पायाचा अंगठा!" कुणीतरी ओरडलं. हॉल हसला. बोदिलही हसली. मग रिकामी किटली उचलून स्वयंपाकघरात गेली.

फोल्मर मागोमाग गेला.

"व्हॅलेटा सांगू ना?"

"सांग की. प्रेबेनला घेऊन जा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येत नाही." तिनं किटली नळाखाली धरली. "तुला कुठलं शहर आवडलं ते आज बाहेर सगळ्यांनी गाऊन सांगितलं. मला कुठलं आवडलं, माहितीये तुला?"

फोल्मरनं विचार केला. "लिस्बन?"

"डब्लिन. बसथांब्यावर एका बाईनं मला माझं सगळं आयुष्य विचारलं. आईचं नावसुद्धा. तिची बस निघून गेली तरी उठली नाही. तू तेव्हा पलीकडे फुटपाथची कड मोजत होतास."

"कड चांगली होती तिथली," फोल्मर म्हणाला. म्हटल्याबरोबर त्याला कळलं, हे बोलायला नको होतं.

"असेल." तिनं नळ बंद केला. "मी थकले, फोल्मर. तू म्हणतोस इथे पाय ठेव, मी ठेवते. उरलेला दिवस पाय कुठे पडतोय हेच बघत चालते. एवढ्या लांब जाऊन मीही जमीनच बघून येते."

तो बाहेर आला. कॉफीला अजून दहा मिनिटं होती. तो दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

लिस्बन: लाल सँडल, टाच उंच. प्राग: कापडी बूट. रोममध्येही तेच. ब्रसेल्स: जाड तळ, नाडी. मग चार वर्षं तीच जोडी. त्याच्या पुढच्या वर्षी नाडी गेली, वेल्क्रोची चिकटपट्टी आली. म्हणजे वाकायला त्रास व्हायला लागला होता. शेवटचा फोटो रीगाचा. चिकटपट्टीचा बूट, आणि त्याच्या शेजारी काठीचं रबरी टोक.

या फोटोमागे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: सांधा एक बोट जास्त रुंद.

त्या सांध्यात काठी अडकली असणार. त्यानं विचारलं नव्हतं.

तो हिशेबाला लागला. कामाचाच हिशेब, पण उलट्या बाजूनं: या फरसबंदीवर काठीवाली बाई कशी चालेल? लिस्बन गेलं. प्राग, रोम गेलं. व्हॅलेटा नुसत्या पायऱ्या. जिथे जिथे त्यानं दगडकामाला मान देऊन टोपी काढली होती ती सगळी गावं एकेक करून बाद झाली. सपाट, रुंद, न हलणारी जमीन एकाच राजधानीत होती. तीन तासांवर. स्वतःच्याच देशातली, म्हणून ती त्यानं कधी मोजलीच नव्हती. तिथे फुटपाथला मोठ्या लाद्यांच्या दोन रांगा असतात, मध्ये बारीक दगडांची पट्टी. लादी टाकतात, बसवत नाहीत, ते काय काम, असं तो चव्वेचाळीस वर्षं म्हणत आला होता.

कॉफी आली. प्रेबेननं चमच्यानं पेला वाजवला.

"बोल! कुठे?"

"कोपनहेगन," फोल्मर म्हणाला.

 हॉल हसून असा फुटला की खिडक्या वाजल्या.

"याला ताप आलाय!"

"कोपनहेगनवाल्यांना साधं सूत धरून ओळ लावता येत नाही, हे कोण म्हणायचं रे?"

"अजूनही म्हणतो," फोल्मर म्हणाला. "पण जमीन सपाट आहे."

"आणि माझं यमक?" प्रेबेन कळवळला.

"परत जुळव. बसून जुळव."

बोदिल किटली घेऊन दारात उभी होती. हसत नव्हती. येते असंही म्हणाली नाही. फोल्मरच्या कपात कॉफी ओतली, काठोकाठ, आणि पुढे गेली.

मे महिन्यात दोघं गाडीनं कोपनहेगनला गेली. कालव्याकाठच्या फुटपाथवर बोदिल लादीवरून चालत होती, काठी हातात होती पण फारशी टेकत नव्हती. ती वर बघत होती. घरांच्या खिडक्या, एका गॅलरीत कपडे वाळत घालणारा माणूस, होड्यांच्या डोलकाठ्या. फोल्मर शेजारच्या बारीक दगडांवरून चालला. एक दगड हलत होता. तो ओलांडून फोल्मर पुढे गेला.

पुलापाशी त्यानं कॅमेरा काढला. बोदिलनं सवयीनं पाय पुढे केला.

"पाय नको," तो म्हणाला. "तिथेच उभी राहा."

तो दोन पावलं मागे गेला, फोटो काढला आणि तिला दाखवला. अर्ध्याहून जास्त आकाश आलं होतं. बोदिलनं चष्मा वर करून नीट बघितलं.

"हनुवटी कापलीस. परत काढ."

त्यानं परत काढला. मग परत. चौथा तिनं पास केला.