परदेशातून आलेलं 'आजचं थेट दर्शन'

ती घटना आठवली की आजही माझ्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. खांद्यावर तीन स्टार होते, ठाणं माझ्या ताब्यात होतं आणि अक्कल मात्र रजेवर.

जिल्ह्याच्या नावानं चालणाऱ्या एका फेसबुक पेजवर रोज सकाळी तुळजाभवानीचा फोटो यायचा, 'आजचं थेट दर्शन'. मी हात जोडायचे आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवायचे. नवरात्राच्या तोंडावर त्याच पेजवर एक व्हिडिओ आला. तेरखेड्याचा एक बौद्ध तरुण कागदी नळकांड्यांत स्फोटाची दारू भरतोय. खाली त्याचं नाव, वस्ती आणि 'यात्रेकरूंसाठी बॉम्ब' असा मजकूर.

देवीचे फोटो टाकणारे खोटं कशाला बोलतील? एवढाच माझा तपास. जीप पाठवून त्याला उचलून आणलं. ठाण्याबाहेर घोळका जमला. त्याला आमच्या ताब्यात द्या म्हणू लागला.

मी दरडावून चौकशी केली. तो म्हणाला, "फटाक्याच्या कारखान्यात कामाला हाय मी, मॅडम. तिथं दुसरं काय भरणार?" मालकाला बोलावलं. परवाना चोख. व्हिडिओ गेल्या वर्षीचा, सोबतच्या कामगारानं गमतीत काढलेला.

तरी मी अडूनच. पेज आपल्याच माणसांचं आहे, म्हणत हवालदारबाईंपुढे मोबाईल धरला. त्या तुळजापूरच्या पुजारी घरातल्या. त्या दिवशीचा फोटो बघून हसायलाच लागल्या.

"मॅडम, मंचकी निद्रा सुरू हाय. देवी पलंगावर निजलीय. मग सिंहासनावरचं हे आजचं दर्शन कुणी घेतलं?"

नवरात्राआधी देवी निजते, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी त्या शिळ्या फोटोंना रोज नमस्कार घालत होते!

पेजची माहिती उघडली, तर चालवणारे सगळे परदेशात. पुढे सायबर शाखेनं शोधलं की तीच मंडळी बौद्ध तरुणांच्या नावानं दुसरं पेज चालवून तिकडूनही आग लावत होती. त्यांना ना देवीशी देणंघेणं, ना वस्तीशी. आपण एकमेकांच्या अंगावर जावं, एवढंच हवं होतं.

नातवंडांना मी आता सांगते, असली पेजं आधी विश्वास कमावतात, मग वापरतात. ती कोण चालवतं हे गावात कुणालाच माहीत नसेल आणि वाचताक्षणी हात शिवशिवायला लागले, तर फोन खाली ठेवा.

त्या दिवशी घोळक्याला मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं, घरी पाठवलं. तरुणाची आई आली होती. तिची माफी मागितली आणि म्हटलं, घेऊन जा त्याला. ती जागची हलली नाही.

"न्यायला जीप आली तवा समदा गाव बघत हुता. सोडायला बी जीपच काढा, बाई. तुमी सवता पुढं बसा. अन् जरा हळू चालवा."