शेडमधले मार्क आणि साहेबाचे मार्क

राख रोज काढली तरी रोज साचते. गोंदियाच्या इंजिन शेडमधले परीक्षेचे किस्से तसेच. दोन म्हातारे फायरमन चहाला बसले की निघालेच! मी ऐकीव सांगत नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. आम्हा तिघांची परीक्षा एकाच दिवशी झाली आणि तिघांचं मी डोळ्यांनी पाहिलं.

परीक्षा शंटरची. पास झाला तो यार्डात इंजिन चालवणार, नापास झाला तो कोळसा टाकत राहणार. सगळी तोंडी. साहेब नागपूरहून यायचे. त्याआधी महिनाभर आमचे जुने ड्रायव्हर, दौलत उस्ताद, शेडमागे सराव घेत आणि शंभरपैकी मार्क देत.

* * *

झनकलालला सरावात पंच्याण्णव! उस्ताद नेहमी त्याच क्रमाने प्रश्न विचारत आणि यानं त्याच क्रमाने उत्तरं पाठ केलेली.

साहेबांनी शेवटचाच प्रश्न पहिला विचारला. "चलती गाड़ी में ब्रेक नहीं लगा तो?"

झनकलालने ताठ उभं राहून पाठ केलेलं पहिलं उत्तर ठोकलं. "पहले राख साफ करूँगा, साहब!"

"कीजिए. तब तक गाड़ी कलकत्ता पहुँच जाएगी!"

* * *

मला सरावात चाळीसच्या वर कधी मिळाले नाहीत. मी दुसरी शिकलेला, पण उस्तादांशी वाद घालायचो. ते म्हणत, "तुले चाळीस देतो तेच लय झाले बे!"

सरावाच्या वेळी शेजारी इंजिनं वाफ सोडत. त्यामुळे सगळे ओरडूनच उत्तरं देत. साहेबांच्या खोलीत मी तसाच ओरडलो. कारकुनाची दौत कलंडली.

"चिल्ला क्यों रहे हो? मैं बहरा नहीं हूँ!"

"जी साहब!" मी आणखी जोरात ओरडलो.

पास! बाहेर येऊन उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "तुले चूप कराले पास केलं असन!"

* * *

राहिला बिसन. त्याची ही तिसरी आणि शेवटची संधी. आता नापास झाला तर जन्मभर फायरमन.

इंजिनावर त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण समोर बसून कोणी प्रश्न विचारला की तोंडातून शब्द फुटेना. सरावात शून्य! एकदा उस्ताद वैतागून त्याच्यासोबत इंजिनावर चढले आणि तो बेलच्याने, म्हणजे फावड्याने, फायरबॉक्सच्या आगीत कोळसा टाकत असतानाच विचारू लागले. बिसन घडाघडा बोलला. ऐंशी मार्क! बेलचा खाली ठेवला, पुन्हा शून्य.

परीक्षेला तो बेलचा घेऊनच आला. दारावरच्या चपराशाने तो हिसकून घेतला. "काऊन बे, साहेबाले मारतं काय?"

बिसन रिकाम्या हातांनी आत गेला. उस्ताद आणि मी खिडकीला चिकटलो.

"सालेकसा की चढ़ाई पर स्टीम गिर गई. क्या करोगे?"

बिसनने रिकामे हात एकमेकांवर चोळले. साहेबांनी पेन उचललं.

"गेला!" उस्ताद पुटपुटले.

बिसनची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात साहेबांची छत्री होती. त्याने ती उचलली, बेलच्यासारखी दोन्ही हातांत धरली, पाय रोवले आणि साहेबांच्या टेबलाखाली कोळसा टाकायला लागला! तोंडाने उत्तर सुरू. "पहले देखूँगा आग कहाँ पतली है, साहब! वहीं थोड़ा-थोड़ा मारूँगा!"

साहेब प्रश्नावर प्रश्न टाकत गेले. हा छत्री मारत उत्तरं देत गेला. छत्री फारच आत यायला लागली, तसे साहेबांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

शेवटी ते म्हणाले, "पास! लेकिन पहले फायरबॉक्स का दरवाजा बंद करो!"

बिसनने वाकून टेबलाखालचा दरवाजा बंद केला.