कुंभारीच्या वाकळी, दोन चुलींची भाकरी

केमच्या शाळेत आम्ही चौथीची पोरं कविता म्हणायला लागलो की हटकून मालगाडी यायची. खडाड-खड, खडाड-खड. शाळा रुळांपासून हाकेच्या अंतरावर. छपराचे पत्रे थरथरायचे, पण आमचे गुरुजी वर्ग थांबवत नसत. हाताने खूण करून ते आम्हाला गाडीच्या ठेक्यावर घ्यायचे आणि अख्खा वर्ग डब्यांबरोबर डुलत कविता पुढे न्यायचा. शेवटचा डबा गेला की उरायचा फक्त आमचा आवाज, एकदम उघड्यावर पडल्यासारखा. पुढे पोस्टात नोकरी केली, वैरागला घर बांधलं, नातवंडं झाली. कविता मात्र मला अजून त्या चाकांवरूनच आठवतात.

डिसेंबरात भाचीचा फोन आला. सुनंदा सोलापूरजवळ कुंभारीच्या शाळेत शिक्षिका आहे. तिथल्या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायका नाताळच्या सुट्टीत वाकळी शिवणार होत्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली जाड गोधडी. शिवून त्या ऊसतोड कामगारांच्या तळावर द्यायच्या होत्या. "मामा, शिवताना बायकांना काहीतरी म्हणून दाखवणारं माणूस हवंय," ती म्हणाली. मी म्हटलं, मोबाइलवर गाणी लावा की. तर म्हणते, मोबाइल मध्येच जाहिराती लावतो, तुम्ही लावत नाही.

आता असं आमंत्रण कोण नाकारील? हिने पिशवीत स्वेटर, कानटोपी आणि गुडघ्याचं तेल घातलं, आणि मी निघालो.

प्रवासाचं सांगायचं तर वैरागहून सोलापूरला एसटी मिळतच राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, त्यामुळे माझा खर्च वाटेतल्या चहापुरताच. दोन्ही बाजूंना ज्वारी दाण्यात आलेली, मधूनच एखाद्या शेताच्या बांधावर "हुरडा मिळेल" अशी पाटी. हुरड्याचा मोह आवरला नाही तर तासभर जादा धरून ठेवा. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या जत्रेची तयारी लागली होती. एका गल्लीत तरुण मंडळी उंच काठी पेलायचा सराव करत होती आणि रिक्षावाले बिनतक्रार थांबले होते. सोलापुरात रिक्षावाला बिनतक्रार थांबतो तो फक्त या दिवसांत. स्टँडवरून अक्कलकोट रस्त्याला शेअर रिक्षा मिळते. सीट भरेपर्यंत ती हलत नाही आणि भरल्यावरही आणखी दोघांना घेतल्याशिवाय राहत नाही. मांडीवर कुणाची तरी कोथिंबीर घेऊन मी कुंभारीत उतरलो.

वसाहतीत एकसारख्या घरांच्या रांगा आहेत. दारादारांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, आणि बोटं चालू असताना तेलुगू, कन्नड, मराठी सगळं एकाच वाक्यात बोलतात. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. चार चार बाया एकेका वाकळीच्या चार कडांना बसलेल्या. कडेकडून आत आत शिवत यायचं, मध्ये भेटायचं. सगळ्यांच्या मुकादम होत्या नागम्मा. साठीच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण, आवाज शाळेच्या घंटेसारखा.

माझी पहिली सकाळ फजितीची गेली. मी मोठ्या तोऱ्यात शार्दूलविक्रीडितातली एक कविता सुरू केली. हे वृत्त म्हणजे लांबलचक ओळ, श्वास छातीत कोंडून म्हणायची. दोन कडव्यांनंतर नागम्मांनी हात वर केला.

"अण्णा, थांबा. तुमची ओळ लई लांब हाय. आमचा टाका तिच्यामागं पळायलाय."

पाहतो तो खरंच, चारी जणींचे टाके बोटाबोटाएवढे पडलेले. बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. ते टाके उसवले. मग मी मंदाक्रांता घेतली, तर दोघी पेंगल्या. भुजंगप्रयात जमलं, लगागा लगागा पावलं टाकत सुई पळायला लागली. पण दुपारी मी आईच्या चालीवर ओव्या म्हणायला घेतल्या, आणि मग त्यांनी मला दुसरं काही म्हणूच दिलं नाही. साठ वर्षं वृत्तांचं कौतुक करत आलो, पण ती अंगात कुठे चालतात ते मला त्या दिवशी दिसलं.

जेवणाची सोय वसाहतीचीच. रोज वेगळ्या रांगेकडून कडक भाकरी यायच्या, पापडासारख्या मोडणाऱ्या, सोबत शेंगाचटणी, कांदा, आणि एखाद्या घरातून वांग्याची भाजी. पैसे विचारले तर रागावतात, तेव्हा विचारू नका. जाताना सुया, दोऱ्याची रिळं आणि बोटात घालायची अंगुस्तानं न्या, त्याचं स्वागत होतं. मी राहिलो सुनंदाकडे. पहाटे थंडी चांगली बोचते.

दुसऱ्या दिवशी नागम्मांनी मला या खटाटोपाचं मूळ सांगितलं. दर दिवाळीला शहरातून कुणी ना कुणी वसाहतीत फराळ वाटायला येतं. माणसं चांगली असतात, फराळही चांगला असतो. पण फोटो होतात, हात पसरलेले फोटो. नागम्मांचं लहानपण, लग्न, वैधव्य, सगळं घेण्यात गेलं. त्यांच्या मनात एकदा देणारं व्हायचं होतं. वाकळींची गोष्ट काढली तेव्हा त्यांच्या दिरानेच टोमणा मारला होता, आली बघा कर्णाची बहीण, आधी स्वतःच्या खिडकीला काच लावा. तरीही घराघरांतून लुगडी आली. फाटकी नव्हे, नेसवणीची. एकीने लग्नातलं हिरवं दिलं.

"आमच्या हातालाबी द्यायची चव कळू दे की, अण्णा," नागम्मा म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

शेवटच्या टाक्याआधी त्या एक गोष्ट करायच्या. वाकळीच्या एका कोपऱ्यात वीतभर तोंड उघडं ठेवलेलं असायचं. त्यातून आपल्या घरच्या भाकरीचा कोरडा तुकडा आत सरकवायचा आणि तोंड शिवून टाकायचं. याला वाकळीचं पोट भरणं म्हणतात. वाकळीचं पोट भरलेलं असलं की पांघरणाऱ्याचंही भरलेलं राहतं, असा समज. केमला माझी आई हे करायची. तो तुकडा सरकवण्याआधी प्रत्येक बाई कपाळाला लावायची. आम्हाला सगळ्यांनाच ते फार सुंदर वाटलं, आणि तिथेच आमची चूक झाली.

वाकळी पुऱ्या झाल्या त्या दुपारी आम्ही टेम्पोतून तळावर गेलो. कुंभारीपासून जवळच, रस्त्याकडेला उसाच्या पाचटाच्या खोपी. ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या, बाया तोडणीवरून नुकत्या आलेल्या. टोळीतल्या बायांची पुढारीण शेवंता, बीडकडची, तिशी-पस्तिशीची, अंगात नवऱ्याचा शर्ट. तिने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. एक वाकळ उलगडून हातांनी चाचपली. कोपऱ्यापाशी तिची बोटं थांबली.

"हिचं पोट भरलंय," ती म्हणाली.

नागम्मा कौतुकाने म्हणाल्या, व्हय, माझ्याच चुलीवरची भाकर हाय.

शेवंताने वाकळ घडी घालून, अगदी मानाने, परत टेम्पोत ठेवली. दुसऱ्याच्या चुलीनं पोट भरलेली वाकळ आम्ही अंगावर घेत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. घेतली तर आपली चूल रुसते, लेकरं दुसऱ्याच्या दारात वाढतात. वर्षातले सहा महिने दुसऱ्याच्या शेतात काढणारी माणसं ती, त्यांना या गोष्टीचं भय किती असेल. राग नव्हता तिचा. "चांगल्या हायती वाकळी. पण ह्या तुमच्या हायती," एवढंच म्हणाली.

वसाहतीच्या तोंडाशी नागम्मांचे दीर उभे होते. भरलेला टेम्पो परत आलेला त्यांनी पाहिला. नागम्मांनी पदर डोक्यावर घेतला, तो मी आधी कधी त्यांच्या डोक्यावर पाहिला नव्हता.

संध्याकाळी पटांगणात बैठक झाली. कुणी म्हणालं, सोलापुरात एखाद्या आश्रमाला देऊन टाकू. कुणी म्हणालं, बाजारात विकू. सुनंदाने सुचवलं, कोपरे उसवून आपले तुकडे काढू आणि परत नेऊ. त्यावर एकच गलका झाला. आमची भाकर काढून टाकायची व्हय? अन्न हाय ते. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, जणू कवितेत उत्तर असतं. मी आपला चष्मा पुसत बसलो. नागम्मा मात्र एका वाकळीचा कोपरा हातात धरून तसाच कुरवाळत होत्या. मग त्यांनी कात्री मागितली.

दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याची सफाई होती, म्हणून तोडणी बंद. नागम्मा एकच वाकळ घेऊन तळावर गेल्या, सोबत सुनंदा आणि मी. वाकळीचा कोपरा उसवलेला होता, आतला तुकडा तसाच. नागम्मा शेवंताच्या चुलीशी खाली बसल्या.

"आमचा तुकडा मी काढत न्हाय," त्या म्हणाल्या. "शेजारी तुमचा ठेवा आन् तुमच्या हातानं शिवा. दोन चुली शेजारी असल्या म्हणून रुसत्यात व्हय?"

तव्यावरची भाकरी शेवंताने उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मग विचारलं, "बाकीच्या कुटं हायती?"

"पटांगणात. तोंडं उघडी ठेवून बसल्यात समद्या."

शेवंता हसली. तिची मागची दाढ दिसेपर्यंत हसली. आणि आपल्या सगळ्याजणींना हाका मारायला लागली.

वाचकहो, त्या दुपारी मी जे पाहिलं ते तुम्हाला कसं दाखवू? तळावरच्या बाया रस्त्याने रांगेने आल्या, आणि रिकाम्या हातांनी नाही. प्रत्येकीच्या डोक्यावर वाढ्यांचा भारा होता. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांची मेजवानी. वसाहतीतल्या शेळ्यांना वास लागला आणि दावी तोडायची पाळी आली. भारे टाकून बाया सतरंज्यांवर बसल्या. पदराच्या गाठीतून आपल्या चुलीवरचा तुकडा काढून आत सरकवला, शेजारच्या तुकड्याशेजारी. सुई धरताना कोयत्याची सवय असलेली बोटं आधी अडखळली. मी ओवी धरली. पहिली मी म्हटली, दुसरी म्हटली, आणि तिसऱ्या ओवीला शेवंताने माझ्या तोंडून ती काढूनच घेतली. जागच्या जागी रचली तिने:

कोयत्याच्या हाता, बाई, सुई लागली नाचाया
कुंभारीच्या अंगणात थंडी लागली लाजाया

मग तेलुगूतून उत्तर गेलं, कन्नडमधून गेलं. मला अर्थ निम्मा कळला, ठेका पुरा कळला. फाटकाशी नागम्मांचे दीर येऊन उभे राहिले होते. नागम्मांनी त्यांना बोलावलं, म्हणाल्या, भावजी, नुसतं काय बघता, त्या शेळ्यांना वाढं टाका. ते मुकाट टाकायला गेले. ऊन कलंडलं तेव्हा शेवटचं तोंड शिवून झालं होतं. शेवंताने आपली वाकळ खांद्यावर टाकली, शालजोडी पांघरून निघाल्यासारखी, आणि टोळी गात गात तळाकडे गेली. नागम्मा कंबरेवर हात ठेवून वळणापर्यंत पाहत राहिल्या. पदर खांद्यावर होता. "चव कळली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गोड न्हाय तसली. शेंगाचटणीवानी हाय."

या साऱ्याचा एकही फोटो नाही. तुम्ही जाणार असाल तर मोबाइल खिशात ठेवा, एवढं माझं ऐका. सोलापूरहून परतताना चादर आणायची म्हणून हिने पैसे दिले होते. चादर आणली, शेंगाचटणी आणली, आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली तशीच भरलेली आणली.

आता उन्हाळा लागलाय. हे लिहिताना स्वतःलाच विचारतो, काय उरलं? कवितांवर माझं प्रेम होतंच. पण पाठ म्हणणं आणि कुणाच्या हाताला पुरेल असं म्हणणं, यातलं अंतर मी शहात्तराव्या वर्षी चाललो. द्यायला निघालेल्यांना आधी आपलं शिवलेलं उसवावं लागतं, हेही पाहिलं. इथवर लिहून झालं होतं, आणि लेख संपला असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात तिन्हीसांजेला दाराची कडी वाजली.

उंबऱ्यापलीकडे शेवंता उभी. मागे रस्त्यावर ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, म्हातारी माणसं. हंगाम संपवून टोळी गावाकडे निघालेली. मी वैरागचा एवढं सुनंदाने तिला सांगितलं होतं, बाकी पेठेत कुणाला तरी विचारलं म्हणे, कविता म्हणणारं म्हातारं कुटं ऱ्हातं.

"अण्णा, ट्रॅक्टरचा टायर गेलाय," ती म्हणाली. "आजची रात तुमच्या अंगणात चुली मांडू द्या."

तळावर आमची वाकळ घडी घालून परत टेम्पोत ठेवणारी ती बाई माझ्या दारात मागायला आली होती, ताठ मानेने, घरच्यासारखी. मागून ही आली, पदराला हात पुसत, आणि रस्त्यावरच्या गर्दीकडे बघून जरा घाबरूनच विचारलं, किती जणं आहात?

"मोजू नका, वैनी," शेवंता चप्पल काढत म्हणाली. "पिठाचा डबा कुटं हाय तेवढं दावा."